विमानाची दांडी घेण्याआधी

या सदरात आम्ही आजवर शिलाई मशीन, कुकर, मुलांच्या सायकली, हप्त्यावरचा फ्रिज अशा अनेक खरेद्यांविषयी लिहिले. काही वाचक भगिनींनी दुकानात जाताना अंकाचे कात्रण सोबत नेल्याचेही कळवले. म्हणूनच आजचा विषय लिहिताना थोडी लाज वाटते. या खरेदीत आम्ही स्वतः चुकलो, आणि तेही दुसऱ्याच्या घामाच्या पैशाने चुकलो.

घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर आमच्या ओळखीचे एक कुटुंब राहते. आई चार घरची धुणीभांडी करते. थोरला मुलगा विमानतळावर कंत्राटी लोडर आहे. विमानाच्या पोटात बॅगा चढवणे-उतरवणे हे त्याचे काम. पाच वर्षे झाली, रोज विमानाला हात लावतो, पण प्रवासी म्हणून विमानात एकदाही बसलेला नाही. धाकटा अकरावीत आहे. त्यांच्या पत्र्यावरून दिवसभर विमाने उतरत असतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारे विमान घाटकोपरवरूनच खाली येते. धावपट्टीच्या त्या टोकाला २७ असा आकडा असतो. २७ म्हणजे होकायंत्रावरचे २७० अंश, म्हणजे सरळ पश्चिम दिशा. हे आम्हांला त्या धाकट्यानेच समजावून सांगितले.

थोरल्याने गेल्या वर्षी बोनस मिळाल्यावर एका सहकाऱ्याकडून वापरलेला एक्सबॉक्स सीरीज एस घेतला. टीव्हीला जोडून खेळ खेळायचा हा पांढरा डबा २०२० च्या नोव्हेंबरात भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३४,९९० रुपये होती. याला वापरलेला म्हणून बराच स्वस्त पडला. धाकट्याने त्यावर एकच खेळ धरला, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. हा खेळ मायक्रोसॉफ्टने पहिल्यांदा १९८२ साली संगणकासाठी काढला. एक्सबॉक्सवर तो आला २७ जुलै २०२१ रोजी. त्यात बंदुका नाहीत. विमान उडवायचे, न्यायचे, उतरवायचे, एवढेच. आणि तेवढेच फार कठीण आहे.

एके रविवारी त्यांची आई आमच्याकडे आली.

“जयभीम भाऊ. तुम्ही बी.कॉम. शिकलेले. माझ्या पोरांचा जरा हिशेब बघा. डबा झाला, आता म्हणतात विमानाची दांडी पाहिजे. रिमोट आहे ना चांगला? आणि दांडी कशाला?”

दांडी म्हटल्यावर आम्हांला आधी कामावरची दांडीच आठवली. पण प्रश्न रास्त होता. आम्ही घरी जाऊन धाकट्याचे उडणे पाहिले. कन्सोलसोबत येणारा जो कंट्रोलर, ज्याला ताई रिमोट म्हणतात, त्यावर डाव्या अंगठ्याखाली एक छोटी घुंडी असते. ती मागेपुढे केली की विमानाचे नाक वर-खाली होते, बाजूला केली की पंख कलतात. पाठीमागच्या दोन खटक्यांनी शेपटीचे सुकाणू वळते आणि ए-बी बटणांनी इंजिनाचा जोर वाढतो-घटतो. आकाशात सगळे ठीक चालले होते. पण उतरायची वेळ आली की नाक सारखे वरखाली, लाटेवरच्या होडीसारखे. पोरगा घामाघूम. पाच वेळा उतरला, त्यांत तीनदा आपटला.

दोष हाताचा नव्हता. घुंडीची उंची बोटाच्या एका पेराएवढी. अंगठा जरा हलला की ती निम्म्या वाटेवर पोहोचते. विमान उतरवताना मात्र अगदी केसाएवढी हालचाल करावी लागते. दांडी वीतभर उंच असते. तिचे टोक बोटभर हलवले तरी बुडाशी ती थोडीच कलते, म्हणून मनगटाला थोडेसेच देणे जमते. दांडीचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे. बाकी बटणे, दिवे, चमकणारी अक्षरे हा दुकानदाराचा फायदा.

आम्ही ताईंना सांगितले, “मागणी खोटी नाही. आम्ही स्वतः सोबत जातो आणि नीट बघून घेतो.” हे वाक्य आम्हांला महागात पडले.

लॅमिंग्टन रोडला आम्ही तिघे गेलो. एका दुकानात वापरलेली, भक्कम, काळी दांडी मिळाली. किंमत ३,८०० रुपये. आम्ही चार वेळा विचारले, “चालू आहे ना?” दुकानदाराने आमच्यासमोर ती आपल्या संगणकाला जोडली, पडद्यावरचे विमान डावी-उजवीकडे झुकवून दाखवले. आम्ही समाधानाने मान डोलावली. थोरल्याने नोटा मोजल्या. घरी येऊन एक्सबॉक्सला जोडली. दांडीवरचा दिवा लागला. पडद्यावर काहीच नाही. काढून परत लावली, दुसऱ्या भोकात लावली, कन्सोल बंद करून चालू केला. विमान जागचे हलेना. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिघे त्या दांडीभोवती बसलो होतो. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आम्हांला जेवायला वाढले, ते जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “साहेब, तुम्ही चालू आहे का विचारलं, मी चालू दाखवली. एक्सबॉक्सवर चालते का, हे कुठं विचारलं?” माल परत घ्यायला त्याने नकार दिला. त्याचे वागणे आम्हांला पटले नाही, पण वाक्य बिनतोड होते. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासले, “कोणत्या कामासाठी?” हा रकाना रिकामा असला की अर्ज परत पाठवला, आणि स्वतःच्या वेळी तोच रकाना विसरलो.

यानंतर आम्ही महिनाभर या विषयाचा पाठपुरावा केला. जे कळले ते सांगतो.

संगणक हा मोकळ्या दाराच्या घरासारखा असतो. बहुतेक कोणतीही यूएसबी दांडी त्याला जोडता येते. एक्सबॉक्सचे दार बंद असते. ज्या उपकरणाला मायक्रोसॉफ्टचा परवाना आहे आणि तशी ओळख पटवणारी चिप ज्याच्या पोटात आहे, त्यालाच तो आत घेतो. बाकीच्यांना तो वीज देतो, म्हणून दिवा लागतो, पण त्यांचे ऐकत नाही. मध्ये अडॅप्टर लावून कन्सोलला फसवण्याचे उपाय बाजारात विकले जातात. नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सने परवाना नसलेली उपकरणे अडवायला सुरुवात केली. तेव्हा आज चाललेला अडॅप्टर उद्या चालेलच, असे धरून कष्टाचा पैसा घालू नये.

नावांचा घोळ तर विचारू नका. हॉटास हा शब्द या बाजारात सगळीकडे दिसेल. एक हात दांडीवर आणि दुसरा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या मुठीवर, अशी जोडी म्हणजे हॉटास. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी-फ्लाइट मालिकेत हॉटास एक्स, हॉटास फोर आणि हॉटास वन अशा तीन जोड्या आहेत आणि दिसायला त्या सख्ख्या बहिणींसारख्या. एक्स हे अक्षर पाहून कुणालाही वाटेल की ही एक्सबॉक्सची. तसे नाही. हॉटास एक्स संगणकासाठी आणि जुन्या प्लेस्टेशन थ्रीसाठी. हॉटास फोर प्लेस्टेशनच्या घराण्यासाठी आणि संगणकासाठी. एक्सबॉक्सवर चालते ती हॉटास वन. म्हणून खोक्यावरचे चित्र पाहू नये, वरच्या पट्टीवर तुमच्या कन्सोलचे नाव छापले आहे का ते वाचावे. खोके नसेल तर दांडीच्या बुडाखालची चिठ्ठी वाचावी. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन फाइव्ह आहे त्यांच्यासाठी हेच उलट. त्या कन्सोलवर हा खेळ, म्हणजे त्याची २०२४ ची आवृत्ती, डिसेंबर २०२५ मध्ये आली. त्यामुळे आता त्या बाजूचे गिऱ्हाईकही दांडीच्या शोधात निघाले आहे आणि एक्सबॉक्सची दांडी त्यांच्या गळ्यात मारली जाऊ शकते.

आणि सर्वांत सोपा उपाय आम्हांला सुचायला महिना लागला. सीरीज एस हा डबा वजनाने दोन किलोच्या आत भरतो. शाळेच्या दप्तरात मावतो. तो दुकानात घेऊन जावा! दुकानदाराच्या टीव्हीला लावावा आणि दांडी तिथेच जोडून पाहावी. पायताण घ्यायला जाताना आपण पाय घरी ठेवून जातो का?

आता दांडी की चक्र, हा प्रश्न. विमानात बसून पाहिले नसले तरी सिनेमात वाचकांनी दोन प्रकार पाहिले असतील. एक सरळ उभी दांडी; दुसरे, मोटारीच्या स्टिअरिंगचा वरचा भाग कापून टाकावा तसे अर्धे चक्र, जे ओढायचे, ढकलायचे आणि फिरवायचेही असते. त्याला योक म्हणतात. सेसना १७२ या शिकाऊ विमानात योक असते, बोईंगमध्येही योक असते. एक्सबॉक्सवर चालणारी योकही मिळतात. टर्टल बीचचे व्हेलॉसिटीवन फ्लाइट किंवा थ्रस्टमास्टरचे बोईंग ७८७ च्या धर्तीवरचे. वस्तू चांगल्या आहेत. पण किमती कन्सोलशी स्पर्धा करतात, आणि शिवाय त्यांना टेबल लागते, तेही कडेला शिकंजा आवळता येईल असे मजबूत. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे रात्री अंथरूण घातले की पाय ठेवायला जागा उरत नाही, तिथे हे टेबल कुठून आणायचे? जाहिरात लिहिणाऱ्याच्या घरी टेबल असते; तो गृहीतच धरतो.

धाकट्याचा हट्ट योकचा होता. “खरे विमान तसेच असते काका, दांडी म्हणजे खेळणे.” आम्हांला उत्तर सुचेना. उत्तर दिले थोरल्याने. तो म्हणाला, “आपल्या पत्र्यावरून जाणारी निम्म्याहून जास्त विमानं एअरबसची आहेत. मी रोज त्यांचं पोट बघतो. कॅप्टनच्या पुढ्यात चक्र नसतं, बाजूला छोटी दांडी असते. साफसफाईवाल्या पोरांनी सांगितलंय.”

आम्ही शहानिशा केली. पोरगा बरोबर होता. एअरबस ए-३२० हे विमान १९८८ साली प्रवासी सेवेत आले आणि १९८९ मध्ये आपल्या इंडियन एअरलाइन्सने ते घेतले. त्यात चालकाच्या पुढ्यात योक नाही, बाजूला दांडी आहे. दांडीपासून पंखांपर्यंत तारेचे दोर ओढलेले नाहीत. दांडी संगणकाला सांगते आणि संगणक पंखांना हलवतो. त्यामुळे हवेचा धक्का दांडीतून हाताला जाणवत नाही. हाताला लागतो तो फक्त स्प्रिंगचा ताण, आणि सोडली की दांडी मधोमध येते. म्हणजे काय? घरच्या स्वस्त दांडीला जी नावे ठेवतात, की नुसती स्प्रिंग आहे, काही जाणवत नाही, तेच वर्णन खऱ्या ए-३२० च्या दांडीला लागू पडते! स्वस्त योक बोईंगपासून जितके दूर, तितकी ही दांडी एअरबसपासून दूर नाही. एक गंमत मात्र आहे. ए-३२० मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, त्याच्या डाव्या हाताशी दांडी आणि उजव्या हाताशी थ्रॉटल. घरच्या हॉटासमध्ये उजव्या हातात दांडी, डाव्या हातात थ्रॉटल. म्हणजे आपला मुलगा को-पायलटच्या खुर्चीवर आहे. धाकट्याने तेही मान्य केले. “सुरुवात तिथूनच होते,” म्हणाला.

हट्ट गेला. पण पैसे लगेच नव्हते, आणि आमच्या मते तेच बरे झाले. पहिली दांडी एका संगणकवाल्या मुलाला अडीच हजारांना विकली. तोटा १,३००. त्यातले ६५० आम्ही भरले. ताई नको म्हणत होत्या, पण चूक निम्मी आमची होती. खरे तर निम्म्याहून जास्त. मग ठरले की तीन महिने धाकट्याने कंट्रोलरवरच उडायचे. खेळाच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटीचा पडदा असतो. त्यात आकडा उणे बाजूला, उणे तीस-चाळीसपर्यंत नेला की घुंडी मधोमध असताना विमान कमी दचकते. ही युक्ती फुकट आहे आणि हिच्यामुळे निम्मे आपटणे थांबले. विमानाचे नाक एका जागी टिकवणारी ट्रिम नावाची सोय असते, तीही तो याच काळात शिकला. रिकाम्या घागरीला कडेवर घेताना कंबर आपोआप जशी तोल धरते, तसे ट्रिम केले की हाताने सारखा जोर द्यावा लागत नाही. तीन महिन्यांनी मुलाचा नाद टिकला तर दांडी घ्यायची, नाहीतर नाही. अनेक घरांत पेटी, गिटार, व्यायामाची सायकल कपडे वाळत घालायला वापरतात. दांडीवर तर कपडेही वाळत नाहीत.

या तीन महिन्यांत आमच्या वाचनात एक गोष्ट आली, ती या घराला सांगितल्याशिवाय राहवले नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा मुलगा होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२० साली, सोळाव्या वर्षी, त्याने विमानाचा पहिला धडा घेतला. पन्नास डॉलर मोजले. चालकाने त्याला तासभर आकाशात गरागरा फिरवले, पण दांडीला हातसुद्धा लावू दिला नाही. पैसे गेले, विद्या आली नाही. पुढे या लिंकने वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात दीड वर्ष खपून एक खोटे विमान बनवले, १९२९ साली. लाकडी डबा, आखूड पंख, आत खुर्ची आणि दांडी. दांडी हलवली की डबा झुकायचा, आणि तो झुकवायचे काम कोण करी? ऑर्गनचे भाते! आपल्या जुन्या संगीत नाटकांत पायपेटी असे, पाय मारले की भाता फुगायचा, त्याच जातीचे भाते. सुरुवातीला हा डबा कुणी गंभीरपणे घेतला नाही. जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत नाणे टाकून पोरे त्यात बसत. १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांना टपालाची विमाने न्यायचे काम मिळाले, आणि खराब हवेत, ढगांत, नुसत्या काट्यांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्याने त्यांच्यातले बरेच जण मेले. तेव्हा लष्कराला हा डबा आठवला आणि त्यांनी सहा विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात असे सुमारे दहा हजार डबे वापरात आले आणि पाच लाखांवर लोक त्यात शिकले. जत्रेतले खेळणे आणि शाळेतले यंत्र यांत फरक लाकडाचा नव्हता.

गोष्ट ऐकून धाकट्याचे डोळे चमकले, तेव्हा आम्हांला दुसरी बाजूही सांगावी लागली. ती ताईंसमोरच सांगितली. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायचा तर २०० तासांचे उड्डाण लागते, आणि घरच्या टीव्हीसमोर काढलेला एक तासही त्यात धरला जात नाही. त्या शिक्षणाचा खर्च लाखांत आहे, आणि ते लाखही दोन आकडी. दांडी घेतली म्हणजे पोरगा पायलट झाला, असे कुणी सांगत असेल तर तो दांडी विकणारा असला पाहिजे. धाकटा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माहीत आहे काका. पण पन्नास डॉलर देऊन हात न लावण्यापेक्षा हे बरं.” अभ्यासाबद्दल ताईंनी आपली अट घातली: घटक चाचणीचे गुण कमी झाले की दांडी कपाटावर. वर, अगदी वर.

तीन महिन्यांनी वापरलेली हॉटास वन मिळाली, पहिलीच्या जवळपास दुप्पट पैशांत. या वेळी कन्सोल दप्तरात होता. वापरलेली दांडी तपासताना काय पाहावे, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरवताना जशी खरखर येते, तसा प्रकार दांडीत होतो. आत घासणारा भाग झिजला की हात स्थिर असतानाही पडद्यावरचा ठिपका थरथरतो. सेटिंगच्या पडद्यावर हा ठिपका दिसतो. दांडी सावकाश चारही बाजूंना न्यावी, सोडावी, ठिपका बरोबर मध्यावर परत येतो का पाहावे. या दांडीला उभ्या अक्षावर पिळही देता येतो; शेपटीचे सुकाणू त्याने वळते, त्यामुळे पायात वेगळे पेडल घ्यावे लागत नाहीत. हा पिळाचा सांधा आधी ढिला होतो, तो मुद्दाम पाहावा. थ्रॉटल पूर्ण मागेपुढे न अडकता सरकला पाहिजे. दोन भागांना जोडणारी वायर हलवून बघावी. बुडाखाली ताण कमी-जास्त करायची चकती असते. ती सैलच ठेवावी, कारण घट्ट केली की दांडी ओढताना सगळा डबाच उचलला जातो.

तो तसाही उचलला जातोच. त्यावर थोरल्याने उपाय केला. घरातला जुना पाट घेतला, त्यावर सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि दांडी त्यावर ठेवली. मांडी घालून बसले की पाट गुडघ्यांच्या मध्ये येतो आणि मांड्यांनी धरून राहतो. टेबल लागले नाही. डावखुऱ्या मुलांसाठी मात्र ही जोडी अडचणीची आहे. तिची मूठ उजव्या हाताची. त्यांनी टर्टल बीचची व्हेलॉसिटीवन फ्लाइटस्टिक पाहावी, ती दोन्ही हातांना चालते आणि थ्रॉटलच्या कळा तिच्या बुडावरच आहेत. आणखी एक फुकटची गोष्ट: दांडीवर बटणे थोडी आणि विमानात कळा शेकडो. पण हा खेळ एक्सबॉक्सवर साधा यूएसबी कीबोर्ड मानतो. आमच्या कचेरीत भंगारात निघालेला एक कीबोर्ड होता. रीतसर अर्ज करून, पावती फाडून, तीस रुपयांना तो आम्ही घेतला. दोन अक्षरे पुसली आहेत, बाकी उत्तम.

एक इशारा इंटरनेटबद्दल. हा खेळ साठवायला जागा खूप खातो, आणि २०२४ ची आवृत्ती तर बरीचशी दृश्ये खेळतानाच इंटरनेटवरून ओढते. मोबाइलच्या रोजच्या डेटावर हे भागणार नाही. या घरी शेजारच्या तीन खोल्यांनी मिळून एक जोडणी घेतली आहे; संध्याकाळी सगळे बघत असतात तेव्हा डोंगर पडद्यावर उशिरा उगवतात. म्हणून धाकटा पहाटे पाच वाजता उडतो, आई कामाला निघायच्या आधी.

गेल्या रविवारी आम्ही मुद्दाम पहाटे गेलो. पूर्वेकडून, खाडी ओलांडून, ए-३२० खाली येत होते. दांडी जेमतेम हलत होती. पडद्यावर घाटकोपर आले, टेकडी आली, आणि ताई चहाचा कप हातात धरून पुढे झुकल्या. “आपली गल्ली कुठाय?” पण तिथे संगणकाने आपल्या मनाने उभी केलेली घरे होती, नळाचा कोपरा, वाचनालय, त्यांचा निळा पत्रा, काही सापडले नाही. तोवर ती घरे मागे गेली आणि चाके टेकली. एकदाच टेकली, उसळली नाहीत. विमान वळून आपल्या जागेवर उभे राहिले. धाकट्याने इंजिने बंद केली आणि दरवाजा उघडला.

रात्रपाळी करून नुकताच आलेला थोरला भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “दार उघडलंस, पण पोटाखालचा लाल दिवा अजून लुकलुकतोय. तो विझल्याशिवाय आम्ही कुणी जवळ येत नाही. मग चाकांना चोक लागतात, मग बॅगा. तू आम्हांला उभंच ठेवलंस.”

धाकट्याने पाट बाजूला सारला, तो तीस रुपयांचा कीबोर्ड पुढे ओढला आणि लाल दिव्याची कळ शोधू लागला.